चार बोटांचा फास

डोंगरटोला, पो. नागभीड
दि. १९ जून १९८६, सकाळचे सव्वासात. भाऊला पेज भरवून लिहायला बसलो.

ती. रंभाबाईस,
धाकट्या भावाचा, मुखरूचा सा. न. वि. वि.

खुशालभाऊच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. चारा कापताना गेली असे गावात सांगतात; ते खोटे आहे. तळ्याचा ठेकेदार गुणवंतराव याने खदानीतली सुरुंगाची कांडी आणली आणि भाऊला पाण्यात फेकायला सांगितले. या दिवसांत मासळी गाभोळीने भरलेली असते, आपण ढिवर मृगात जाळे टाकत नाही. भाऊ नाही म्हणाला. गुणवंतराव म्हणाला की मग उद्यापासून तळ्यावर दिसू नको. भाऊने कांडी घेतली; ती हातातून सुटता सुटता फुटली.

दुसऱ्या दिवशी नखाएवढी पिल्ले पांढरी पोटे वर करून तरंगत होती. गुणवंतरावाने मोठी मासळी तेवढी उचलली. दवाखान्यात आला नाही.

पोळा झाला की तो नवे महाजाळ घेऊन येणार आहे. मी बाजारातून कोयता आणला आहे. भाऊला माहीत नाही.

आपल्या लोभातला,
मुखरू


पोंभुर्णा
दि. २५ जून १९८६

चि. मुखरूस,
रंभाचे अ. आ.

तुझं पत्र वाचून अंगाची आग झाली. पत्रात एक चूक नाई, अन् डोक्यात सगळ्या चुका. गुणवंत्याले मारशील त तो एकदाच मरंल. तू जेलात बसशील, अन् भाऊले पेज कोण भरवंल? मले त्याचं मरण नको. गावापुढं त्याची मान खाली पाह्याची हाये.

तू काऊन विसरून राह्यला? पोळ्यानंतर जाळं पाण्यात जायच्या आधी बाबा त्याच्या फासात चार बोटं घालून पाहेत. बोटं अडली का जाळं तिथंच चिरत. लहान मासोळी सुटली पाह्यजे ना. बाबाच्या मागं तो मान भाऊचा. महाजाळ ओढाले चाळीस माणसं लागतेत. भाऊ नाई म्हटला त एकबी ढिवर दोराले हात लावत नाई. त्याचा डावा हात त शाबूत हाये?

कोयता घेऊन जाय. धार जाळ्यासाठी ठेव.

तुले रागावणारी, तुझीच
रंभा


डोंगरटोला
दि. ६ सप्टेंबर १९८६, दुपारचे दोन. कोयता पुसून लिहायला बसलो.

ती. रंभाबाईस,
मुखरूचा सा. न. वि. वि.

काल तळे उघडले. गुणवंतराव नायलॉनचे महाजाळ घेऊन आला. भाऊ पुढे झाला तेव्हा गुणवंतराव हसून म्हणाला की बोटं गेली, तरी मोजाची हौस गेली नाई का गा? भाऊ म्हणाला की ते दोन तुम्ही नेले मालक, हे चार तळ्याचे हायेत.

त्याने डावा हात घातला. दुसऱ्याच बोटाला फास अडला. भाऊने हात तसाच उंच धरला. जाळे बोटांना लोंबत होते. मग एकेकाने दोर खाली टाकला. गुणवंतरावाने दुप्पट मजुरी सांगितली, शिव्या दिल्या, शेवटी हात जोडले. त्याची बर्फाची गाडी काठावर गळत उभी होती.

भाऊने मला हाक मारली. मी जाळे वरपासून खालपर्यंत चिरले. मध्ये मध्ये थांबत होतो, गुणवंतरावाला नीट पाहता यावे म्हणून. तो मान खाली घालून गेला.

माया आहे तशी राहू द्यावी.
आपला,
मुखरू

ता. क. खर्च: कोयता अकरा रुपये, धार आठ आणे, भाऊचे औषधपाणी सत्तेचाळीस रुपये. देणे: औषधवाल्याचे नऊ रुपये. येणे: दोन बोटे. जाळे चिरले, तरी ती मी वजा केलेली नाहीत.