अठ्ठेचाळीस सालचं नाणं

प्रिय सुजाता,

आज मी एक नाणं विकत घेतलं. ते दाखवायला घरात कोणी नाही, म्हणून हे पत्र. हसू नकोस! आयुष्यभर नुसती पिशवी धरणारा माणूस एकटा जाऊन नाणं घेऊन आला, हे तुला पटायचं नाही. पण आणलंय. कॅनडाचं आहे, चांदीचं आहे. कुठलं, ते सांगतो. जरा दम धर.

सदाशिव पेठेतल्या त्या हॉलमध्ये नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. तू गेल्यानंतरचं पहिलंच. जायचं नाही असंच ठरवलं होतं. पण दुपार काही केल्या सरेना. शेवटी तुझी कापडी पिशवी उचलली. भिंग आणि चुंबक तिच्यातच होतं, तू ठेवलं होतंस तसं. कात्रजहून बसमध्ये बसलो. शेजारी कोणी बसलं नाही.

तुला हा नाद कसा लागला, आठवतं? बँकेत तू रोखपाल होतीस. कोणीतरी भरलेल्या रुपयांच्या ढिगात एक पांढरं, शिंगाळ्या प्राण्याचं नाणं निघालं. तू त्याच्या जागी पदरचा रुपया टाकलास आणि ते घरी घेऊन आलीस. मी म्हणालो, "हरीण दिसतंय." तू म्हणालीस, "अहो, कॅरिबू आहे तो. कॅनडाचं पंचवीस सेंटचं नाणं, आणि चक्क चांदीचं!" आपल्या लग्नात तरी इतकी हसली होतीस का गं?

मग दर प्रदर्शनाला आपण दोघं. विक्रेते माझ्याकडे बघून विचारायचे, "साहेबांना काय दाखवू?" आणि तू म्हणायचीस, "साहेब पिशवी धरायला आलेत. दाखवायचं ते मला दाखवा."

तुझी एक तक्रार होती, मी ऐकत नाही. माझीही एक होती, तू शिकवत नाहीस. दोन्ही खोट्या निघाल्या. कशा, ते बघ.

परदेशी नाण्यांच्या टेबलापाशी एक तरुण बाई उभी होती. हातात शिडाच्या जहाजाचं दहा सेंटचं नाणं. ती विक्रेत्याला विचारत होती, "चांदीचंच आहे ना नक्की?" तो म्हणाला, "मॅडम, डोळे मिटून घ्या." मी सहज वाकून साल बघितलं. अडुसष्ट! तू म्हणायचीस ना, अडुसष्ट साल लबाड आहे, त्या वर्षी चांदीचीही पाडली आणि निकेलचीही? मी पिशवीतून चुंबक काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. नाणं टुणकन चिकटलं.

"निकेल आहे," मी म्हणालो. "चिकटलं नसतं, तरी आणखी तपासावं लागलं असतं."

हे वाक्य माझं नव्हतं, सुजाता. अगदी तुझं होतं, तुझ्या त्या शिक्षिकेसारख्या सुरासकट.

विक्रेता म्हणजे आपला तो जाड चष्म्याचा, तुझ्याशी तासभर घासाघीस करणारा. मला ओळखून म्हणाला, "काका, धंदा बुडवायला आलात का? आणि आज मॅडम कुठे?" मी म्हणालो, "आल्या नाहीत." एवढंच. काहीतरी करायचं म्हणून त्याच्या ट्रेमधली कॅरिबूची नाणी उलटीपालटी करत बसलो.

राजाच्या चेहऱ्याकडे मी बघत नव्हतो, कडेची अक्षरं वाचत होतो. तूच लावलेली सवय. सहाव्या जॉर्जच्या नाण्यांवर त्याच्या नावानंतर 'इंड इंप' असतं, म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट. आपण स्वतंत्र झालो आणि ते दोन शब्द कॅनडालाही काढावे लागले. नवे ठसे यायला उशीर झाला, म्हणून त्यांनी सत्तेचाळीसचीच नाणी पुढे पाडली, फक्त सालापुढे एक इवलंसं मेपलचं पान टाकून. ते पानाचं नाणं तुला मिळालं होतं. तुला हवं होतं त्याच्या पुढचं, अठ्ठेचाळीसचं, सम्राट गळून पडलेलं. तुझ्या बाबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातलं काय काय सोडलं, हे ऐकत तू मोठी झालीस. म्हणायचीस, "सोडलेली गोष्ट कधी दाखवता येत नाही हो. इथे मात्र भिंगातून दाखवता येते."

आणि एका नाण्यावर मला 'इंड इंप' दिसेना. भिंग लावलं. परत दिसेना. उलटून साल पाहिलं. अठ्ठेचाळीस!

"अगं, सापडलं!" मी ओरडलो आणि डावीकडे वळलो.

डावीकडे कोणी नव्हतं.

आजूबाजूचे सगळे बघायला लागले. ती तरुण बाई अवघडून नुसती हसली. विक्रेता म्हणाला, "मॅडमना फोन लावा की!" तेव्हा मात्र सांगावं लागलं. "त्या गेल्या हो. उन्हाळ्यात."

त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. मग म्हणाला, "म्हणजे आता घासाघीस कोणाशी करायची मी?"

इतके लोक भेटायला येऊन गेले, पण इतकं मनापासून कोणी बोललं नव्हतं. किंमत मात्र त्याने एका रुपयानेही उतरवली नाही. तुला आवडलं असतं ते.

घरी येऊन प्रज्ञाला फोन केला. ती हिंजवडीच्या गर्दीत कंपनीच्या बसमध्ये अडकली होती. "वा बाबा, मस्त! जेवलात का?" म्हणाली. कुठलं नाणं, हे विचारायचं राहून गेलं तिचं. तिची चूक नाही. पोरगी रोज फोन करते, 'माझ्याकडे राहायला या' म्हणते. पण तिला तरी काय सांगणार होतो मी? हे नाणं म्हणजे काय, ते कळणारं माणूस एकच होतं.

एक विचारू? मी तुझ्यापेक्षा वयाने मोठा. नंबर माझा होता. काउंटरवर कधी कोणाला रांग मोडू दिली नाहीस, आणि स्वतः मात्र खुशाल पुढे निघून गेलीस?

मग तुझं पानाचं आणि आजचं, दोन्ही नाणी शेजारी ठेवून भिंगाखाली बघितली. 'इंड इंप' गेल्यावर तिथे मोकळी जागा असेल असं मला वाटलं होतं. नाही गं! आधी नुसत्या आद्याक्षरांत उरकलेले शब्द त्यांनी पुरते लिहून काढलेत. उरलेली अक्षरं पसरवून कड भरून काढलीय. मी बराच वेळ बघत राहिलो. माझंही तेच चाललंय की! पेपर जाहिरातींसकट वाचतो. एका कपाची भांडी सावकाश घासतो. कुलूप लावल्यावर परत ओढून बघतो. दिवस भरतो कसाबसा.

त्या तरुण बाईने निघताना विचारलं होतं, "काका, पुढच्या वेळी याल ना?" मी उत्तरच दिलं नाही. किती दिवसांत कोणी मला असं काही विचारलं नव्हतं.

म्हणून तुला एक शब्द देतो. रोज निदान एका माणसाशी बोलेन. दूधवाल्याला 'अर्धा लिटर' म्हटलेलं धरणार नाही. समोरच्याने उलट काही विचारलं पाहिजे आणि मी त्याला उत्तर दिलं पाहिजे. दिवस तसा गेला नाही, तर चप्पल घालून पुन्हा खाली उतरेन.

तुझा,
अशोक