खिडकीची वाटणी

३ मार्च
किळस आली. टेलरिंगच्या दुकानातला माझा परदेशी पार्टनर (मनातल्या मनात मी त्याला टेप म्हणतो, सगळं मोजतो म्हणून) याने आज उरलेलं एकुलतं एक बिस्किट कापलं. कापडाच्या कात्रीने. अर्धं माझ्यापुढे सरकवून म्हणाला, फेअर. अरे, बिस्किट अख्खं समोरच्याला द्यायचं, तो नको म्हणतो, मग आपण खायचं. याला माणसांत आणावं लागणार. उद्यापासून सुरुवात.

५ मार्च
सुरुवात राहिली. दुकानात मधोमध पार्टिशन घालायचं ठरलं. टेपच्या देशातली रीत अशी, की एकाने रेघ मारायची आणि दुसऱ्याने बाजू निवडायची. रेघ तुम्ही मारा म्हणाला, तुम्ही वयाने मोठे. माणूस सुधारतोय.

६ मार्च, सकाळी
खडूने रेघ मारली. इकडे खिडकी, आरसा, पंखा. तिकडे संडासाचं दार आणि सारखी तुंबणारी मोरी. ही म्हणाली, अहो, निवडणार तो आहे. हिला धंद्यातलं काय कळतं? मोठ्या माणसासमोर चांगली बाजू कोण उचलतो? तो मोरी घेईल, मी दोनदा नको नको म्हणेन, मग नाइलाजाने खिडकी घेईन.
हल्ली दिव्याखाली सुईत दोरा जात नाही. पण हे टेपला सांगायचं नाही. मागून घेतलं तर त्यात मान कसला?

९ मार्च
खिडकीच्या काचा पुसल्या. निळा पडदा शिवून लावला. एवढं कशाला, असं टेपने विचारलं. नुसता हसलो.

१२ मार्च
टेपने खिडकी घेतली.
बोट दाखवलं आणि मशीन ओढत नेलं. नको नको म्हणायला उघडलेलं माझं तोंड तसंच राहिलं. शी! वर डोळ्यांत पाणी आणून म्हणतो, आमच्याकडे अशी रेघ फक्त सख्खा भाऊ मारतो. पडद्याचे वेगळे आभार मानले. त्यात काय एवढं, म्हटलं.

१३ मार्च
मोरीचा वास नाकात बसलाय. ही म्हणाली, खिडकी हवी असं एकदा तरी बोललात का? असल्या गोष्टी बोलायच्या असतात?
दुपारी दोरा काही केल्या जाईना. शेवटी टेपला हाक मारली. त्याने झटक्यात ओवून दिला. मग आपली सुई आणि दोरा माझ्यापुढे धरला. आता तुमची पाळी, म्हणाला. फेअर.
मोरी तुंबलीय, बघून येतो म्हटलं आणि संडासाचं दार आतून लावून घेतलं.