डाव्या पायाचं मत

इल्फर्ड,
२ डिसेंबर १९८५

चि. गिरीश यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीत मी बोललो ते बोललो. तू मनाला लावून घेशील आणि तीन आठवड्यांच्या आत ती जपानी गाडी विकून मोकळा होशील, असं मात्र वाटलं नव्हतं. तुझ्या सुप्रभाचा फोन आला तेव्हा तुझी वहिनी माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच ती गाडी थेम्समध्ये ढकलली. पण खरं सांगू? ऐकून माझी छाती फुगली. एकवीस वर्षं झाली, मी डॅगनमच्या कारखान्यात फोर्डच्या गाड्यांना दारं बसवतोय. आणि माझा पाठचा भाऊ माझ्याच दारात दुसऱ्या कंपनीची गाडी आणून उभी करतो, हे डोळ्यांत खुपलं. त्यातून ती ऑटोमॅटिक! क्लच नाही, डावा पाय आपला पाहुण्यासारखा बसून. तुझ्या डाव्या पायाला काय मखरात बसवायचंय, असं मी सगळ्यांदेखत म्हणालो आणि सगळे हसले. तूही हसलास, म्हणून मला वाटलं की तुला लागलं नाही.

असो. आता गोड बातमी ऐक. आम्हा कामगारांना घरच्या माणसासाठी वर्षाला एक गाडी सवलतीत मिळते. ती मी तुझ्या नावावर सांगून टाकली आहे. सिएरा, आकाशी रंगाची. फोरमनच्या मागे लागून ती लाइनवर कधी येणार ते काढलं आणि चारही दारं मी माझ्या हातानं बसवली. दार लावलं की 'थप्प' असा आवाज यायला हवा, 'खण्ण' असा नव्हे. यमुना म्हणते, आता स्वयंपाकघरातूनच त्या आवाजावरून ओळखीन की गिरीश आला. तू नऊ वर्षांचा होतास तेव्हापासून तिनं तुला भरवलंय. आम्हाला मूल नाही याची चुटपुट तिला तुझ्यामुळे कधी लागली नाही.

बर्फात घसरून दुखावलेला गुडघा एव्हाना बरा झाला असेलच. तू स्वतः डॉक्टर, मी काय सांगणार.

चि. सुमेधास पापा. लोभ आहे तसाच ठेव आणि गणपतीला गाडी घेऊनच ये.

तुझा,
दादा


लीड्स,
२८ ऑगस्ट १९८९

ती. दादा यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. वहिनींचा दम वाढला आहे हे वाचून काळजी वाटली. त्यांच्या डॉक्टरांशी मी फोनवर बोललो, गोळ्या बदलून दिल्या आहेत. त्यांना जिना चढू देऊ नका.

या गणपतीला मात्र येणं जमत नाही. मी ऑन-कॉल आहे आणि बदली कोणी मिळत नाही. वहिनींना सांगा, दिवाळीला नक्की. त्यांच्या हातचे उकडीचे मोदक तेव्हा एकवीस खाईन, मोजून.

गाडी छान आहे. तुम्ही दर पत्रात विचारता म्हणून आधीच सांगतो. मागच्या वर्षी आम्ही ट्रेननं आलो आणि गाडी गॅरेजमध्ये आहे असं मी म्हणालो, तर तुम्ही ताटावरून उठून गॅरेजच्या मॅनेजरचा नंबर मागत बसलात, त्याला खडसावायला. ते आठवून सुमेधा अजून हसते.

सुप्रभाचा नमस्कार. वहिनींना माझा वाकून नमस्कार. कृपा आहेच, ती राहू द्या.

आपला,
गिरीश


इल्फर्ड,
६ ऑगस्ट १९९२

चि. गिरीश यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी वहिनी जाऊन येत्या ऑक्टोबरात तीन वर्षं होतील. तीन वर्षांपूर्वीची ती दिवाळी ती बघू शकली नाही. त्यानंतर मला कुठलीच दिवाळी दिवाळीसारखी वाटलेली नाही. रिटायर झाल्यापासून घर खायला उठतं. म्हणून एक उद्योग काढलाय. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी फोर्ड कंपनीचा इतिहास लिहितोय. हसू नकोस. मी सातवी पास, पण लायब्ररीतून पुस्तकं आणून, डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचतो.

एकोणीसशे तीनला डेट्रॉइटमध्ये कंपनी निघाली इथपासून सुरुवात केली आहे. मग मँचेस्टर, मग एकतीस साली थेम्सच्या दलदलीत खांब ठोकून उभं केलेलं आपलं डॅगनम. अडुसष्टचा बायकांचा संप तर मी डोळ्यांनी पाहिला. सीटची कव्हरं शिवणाऱ्या पावणेदोनशे-एक बायका, पण त्यांनी मशीन बंद केल्यावर गाड्यांत बसायला जागाच उरली नाही. यमुना त्या वेळी म्हणाली होती, बघा, सुई थांबली की हातोडे थांबतात. ते वाक्य मी लेखात घेतलंय.

शेवटी 'मालकांची मतं' असा तक्ता देणार आहे. मंडळात ज्यांच्याकडे फोर्ड आहे त्या सगळ्यांना फॉर्म पाठवला. शशिधर कळवतो की त्याच्या एस्कॉर्टचा हीटर बायकोपेक्षा लवकर तापतो. खाली त्याच्या बायकोनं लिहिलंय की हीटरला निदान कारण लागत नाही. उल्काताई म्हणतात, सिएरा पहिल्यांदा पाहिली तेव्हा जेलीचं भांडं उपडं घातलंय असं वाटलं, आता दुसऱ्या गाड्या बोजड दिसतात. शेवटचा प्रश्न मी मुद्दाम ठेवला आहे: हीच गाडी पुन्हा घ्याल का, हो की नाही? आजवर एकतीस 'हो' आले. बत्तिसावं तुझं. ते मी पहिल्या ओळीत छापणार.

आणि एक. रिटायर माणसालाही सवलत मिळते. तुझ्या गाडीला आता सात वर्षं होतील. या खेपेला लाल रंगाची सांगून ठेवली आहे, पाच गिअरची, क्लचवालीच. दारं बसवायला मी नाही, एवढंच.

फॉर्म चि. सुमेधालाही एडिनबराला पाठवतोय, सुट्टीत तीही तुझी गाडी चालवते ना. माया आटू देऊ नकोस.

तुझा,
दादा


लीड्स,
१७ ऑगस्ट १९९२

ती. दादा यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

फॉर्म भरून सोबत पाठवला आहे. तक्रार काही नाही. शेवटच्या प्रश्नाला 'हो'.

नव्या गाडीचं एवढ्या घाईनं कशाला करता? पण तुमची इच्छा असेल तर माझी ना नाही.

अंक निघाला की दोन प्रती पाठवा, एक वॉर्डमध्ये मिरवायला. आशीर्वाद असू द्यावा.

आपला,
गिरीश


एडिनबरा,
३० ऑगस्ट १९९२

प्रिय मोठेकाका,
नमस्कार.

माझी मराठी लिहिणं वीक आहे, आईने रविवारी शिकवलं तेवढंच येते. चुका दिसले तर हसा, पण पूर्ण वाचा प्लीज.

मी इकडे फिजिओथेरपी शिकते, आत्ता हॉस्पिटलमध्ये प्लेसमेंट आहे. आम्हाला फर्स्ट डेला सांगतात, पेशंटची हिस्टरी घेताना जे आहे ते लिहायचं, नाइस लिहायचं नाही. तुमचा फॉर्म आला तेव्हा मी तसंच करायचं ठरवलं.

गाडी चांगला आहे. इंजिन चांगला आहे. पण बाबाचा डावी गुडघा खराब आहे, बर्फात पडला तेव्हापासून. आता त्यात आर्थ्रायटिस आहे. म्हणून त्याने ऑटोमॅटिक घेतली होती. तुम्हाला हे माहीत नाही असं आई म्हणते. मला ते विश्वासच बसत नाही, पण म्हणून लिहिते. एम-वन मोटरवेवर ट्रॅफिक जॅम असला की बाबा दर मिनिटाला क्लच दाबतो आणि त्याचा फेस व्हाइट होतो. इल्फर्डहून घरी आल्यावर आई बर्फ लावते. मग चार दिवस तो काठी घेऊन वॉर्डला जातो. तुम्ही आमच्याकडे येता तेव्हा आई ती काठी जिन्याखालच्या कपाटात ठेवते.

मोठीकाकू आजारी होती त्या गणपतीला बाबा ऑन-कॉल नव्हता. तो घरी होता. आधीच्या वीकेंडला गाडीने लिव्हरपूलला फ्रेंडकडे जाऊन आला होता आणि गुडघा फुटबॉलसारखा झाला होता. मी म्हटलं, ट्रेनने जाऊ या ना. तो म्हणाला, दादा विचारतील गाडी कुठे, मी परत काय सांगू. मी तेव्हा अठरा होती, मला तो सिली वाटला. आता पण वाटतो.

'पुन्हा घ्याल का' मध्ये बाबाने 'हो' लिहिलं असेल. मी मालक नाही म्हणून ते ब्लँक ठेवते. पण नवी गाडी प्लीज देऊ नका. तो घेईल.

मी भांडण लावत नाही आहे. खूप प्रेम.

तुमची,
सुमेधा


इल्फर्ड,
९ सप्टेंबर १९९२

चि. गिरीश यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुमेधाचं पत्र आलं. तिला रागावलास तर माझ्याशी गाठ आहे. सगळ्या घराण्यात ती एकटी सरळ बोलणारी निघाली.

पत्र वाचलं आणि तसाच बाहेर जाऊन पायरीवर बसलो. समोरचा माणूस गाडी बाहेर काढत होता. त्याचा डावा पाय किती वेळा खाली जातो ते मोजायला लागलो. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत सात वेळा. मग लीड्सपर्यंतचा हिशेब करवेना.

सत्तावीस वर्षं मी दारं बसवली, गिरीश. दारात एक सूतभर फट राहिली तर मला डोळे मिटून कळायची. आणि माझा भाऊ माझ्या उंबऱ्यावर लंगडत चढायचा, ते दिसलं नाही? दिसलं होतं. एकदा म्हणालोही होतो की डॉक्टरसाहेब ऐटीत चालायला लागलेत. आता ते वाक्य रोज सकाळी माझ्याआधी उठून बसतं.

तुला न सांगितलेलं एक आता सांगतो. त्या गणपतीला यमुना पुढच्या खोलीत खिडकीशी खुर्ची घेऊन बसली होती. तू येणार नाहीस हे तिला सांगितलं होतं, तरी बसली. रस्त्यावर कुठल्याही गाडीचं दार लागलं की मान वळवायची आणि म्हणायची, हा नव्हे. दिवसभर तेच. शेवटी मी चिडून म्हणालो, तो कशाला येतोय, मोठा डॉक्टर झाला, भाऊ-वहिनी आता कुठल्या आठवतात. चाळीस वर्षांच्या संसारात ती मला त्या दिवशी पहिल्यांदा दटावून बोलली. म्हणाली, माझ्या मुलाला नावं ठेवायची नाहीत. त्याचं काहीतरी असेल. मी माझं म्हणणं मागे घेतलं नाही. महिन्याभरात ती गेली. तिचं खरं होतं, आणि ते तिला सांगायला आता कुठे जाऊ?

गाडी मी तुला जवळ आणायला दिली होती. तिनंच तुला लांब ठेवलं. तिनं तरी कशाला म्हणू, गाडीचा काय दोष. मीच ठेवलं.

लाल गाडी रद्द केली. सोबत कोरा फॉर्म पाठवतोय. या वेळी मोठ्या भावाला भरून पाठवू नकोस. अंक वाचणाऱ्या कुणाहीसाठी भर.

लोभ मागायचं तोंड नाही. उरला असेल तेवढा असू दे.

दादा


लीड्स,
२१ सप्टेंबर १९९२

ती. दादा यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र सुप्रभानं मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण मला पहिल्या पानापुढे जाता आलं नाही.

सगळं तुमच्या माथ्यावर घेऊ नका. तुम्ही एक वाक्य बोललात आणि विसरलात. मी ते सात वर्षं पायाखाली दाबत राहिलो. गुडघा दुखतो, एवढे दोन शब्द बोलायचे होते. पेशंटना मी रोज सांगतो की काय होतंय ते नीट सांगा. तुमच्यासमोर आलो की मी परत नऊ वर्षांचा होतो, आणि त्या वयात मी तुम्हाला कधी नाही म्हटलं नव्हतं. वहिनींना भेटायला मला ट्रेननं, बसनं, कसंही यायला हवं होतं. गाडी कुठे, असं तुम्ही विचारलं असतंत तर विचारलं असतंत. खुर्चीचं तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. ते मला माहीत असायलाच हवं होतं.

फॉर्म भरला आहे. गाडी उत्तम. हीटर उत्तम. दारं आजही 'थप्प' लागतात, लिव्हरपूलचा माझा मित्र दर वेळी तारीफ करतो. चालवणाऱ्याच्या डाव्या पायाचं मत वेगळं आहे.

हीच गाडी पुन्हा घ्याल का: नाही.

दादा, हा एक शब्द लिहायला मला तीन दिवस लागले.

आपला,
गिरीश


इल्फर्ड,
२८ सप्टेंबर १९९२

चि. गिरीश यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं 'नाही' मिळालं. संपादक रवी म्हणत होता, एकतीस 'हो'मध्ये एक 'नाही' कशाला, खाली कुठेतरी टाकू. मी म्हटलं, पहिली ओळ त्याचीच ठरली आहे. तशीच छापतोय, डाव्या पायासकट.

आता ऐक. ऑक्टोबरात यमुनेची तिथी आहे. त्या दिवशी तू ये. ट्रेननं ये, नाहीतर डाव्या पायाला मखरात बसवणारी गाडी घे, जपानी, जर्मन, कुठलीही, आणि ती माझ्या दारात मधोमध उभी कर. काठी कपाटातून काढून सोबत आण. तिची खुर्ची मी हलवलेली नाही. त्या खुर्चीत मी बसून राहीन. कुठल्या दाराचा आवाज कसा येतो तिकडे माझं लक्ष नसेल. उतरणारा तूच आहेस ना, तेवढंच बघणार आहे.

लोभ अजून आहे हे तुझ्या 'नाही'वरून कळलं. तो घेऊनच ये.

तुझा,
दादा