एकच पुरतो

रविवार, सकाळी

दादा,

नमस्कार. घरी सगळे मजेत. आई गुडघ्याला तेल चोळते आणि माझ्यावर ओरडते, म्हणजे तब्येत उत्तम. कॉलेज सोडल्यापासून मी टायरच्या दुकानात टिकून आहे. मालकाशी दोनदाच भांडलो. 'ती' अजून हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. झोप उडालीय माझी. असो.

परवा वहिनीसोबत दवाखान्यात मीच गेलो. तू साइटवर, मग कोण जाणार? डॉक्टरीणबाई मलाच नवरा समजल्या. "मी दीर," म्हटलं, तर हसून म्हणाल्या, "मग नवऱ्याला निरोप तरी नीट द्या."

तर निरोप असा. तुझे शुक्राणू कमी आहेत, मंद आहेत, पण आहेत. वहिनीची बीजं बाहेर काढतात. तुझा एक धडधाकट शुक्राणू निवडून केसाहून बारीक काचेच्या सुईने थेट बीजात सोडतात. गर्भ तयार झाला तर तो तिच्या गर्भाशयात ठेवतात. एका बीजाला एकच पुरतो, दादा! लाखोंची फौज लागत नाही. खात्री मात्र नाही, तेही बाईंनी स्पष्ट सांगितलं. परक्या कुणाचं त्यात काही नसतं ना, हे मी इतक्यांदा विचारलं की वहिनीने चिमटा काढला.

वहिनी रोज स्वतःच पोटात इंजेक्शन टोचून घेते. मी बघत होतो, तर म्हणाली, "भावजी, तुमचं तोंड का पांढरं पडलंय? सुई मला आहे."

आता तू फोनवर मागितलंस ते. मी 'बघू' म्हणालो. बघायचंय काय त्यात! फोन आपटणार होतो, पण तू रडत रडत म्हणत होतास, "रक्त एकच, नमुना तू दे, नाव माझं लावू, कुणाला कळतंय?"

मला कळेल ना! ते पोर ताटासमोर बसेल आणि मला रोज कळेल. उद्या 'ती' हो म्हणाली, तर तिच्यापासून काय काय लपवू? आणि वहिनी? सुया तिने घ्यायच्या आणि फसवायचंही तिलाच?

मी देणार नाही.

शुक्रवारी बीजं काढणार आहेत. तुझा नमुना त्याच सकाळी हवा. गुरुवारी ये. लाज वाटली तर मी दाराबाहेर उभा राहीन. कुणी नुसता हसला तरी गाठ माझ्याशी आहे. पण आत तूच जायचंस. नाहीच आलास, तर का नाही आलास ते वहिनीला तुझ्या तोंडाने सांग.

तुझा धाकटा,
आणि झालंच बाळ, तर त्याचा काका. फक्त काका.