बिननवऱ्याच्या पाली

शेजारच्या मार्सेलच्या मुलीच्या लग्नात भरल्या पंगतीत तू बोललास, ताईच्या घरात पुरुष नाही म्हणून पाली माजल्यात. पुरुष होता तेव्हा त्यानं किती मारल्या ते मला विचार. एक दिसली की खाटेवर चढायचा.

असो. चि. हरिश्चंद्र, ताईचा आशीर्वाद घे. गुडघा कसा आहे? माझा आहे तिथेच आहे, भुईगाव सोडून जात नाही. (अक्षर माझंच. अश्लेषाला लिहायला बसवलं असतं तर शेवटचं वाचून तिनं घर डोक्यावर घेतलं असतं.)

आता ऐक. माझी ही नात विरारच्या कॉलेजात किडामुंगी शिकते. म्हणते, आजी, आपल्या घरातल्या ह्या जातीच्या पालींत नर नसतोच. मादीच अंडी घालते, त्यातून मादीच निघते, हुबेहूब आईसारखी. म्हटलं, दाखव. मागच्या दिवाळीत तिनं एक अंडं बरणीत ठेवलं. पिल्लू निघालं, एकटंच वाढलं, आणि गणपतीत त्या बयेनं काचेला दोन अंडी चिकटवली. माझ्या लेकीला, स्वप्नाला, म्हटलं, तुझ्या लग्नाला मांडव उगाच घातला. (नवऱ्याला सोडून आली त्याला अकरा वर्षं झाली, तरी हसली नाही.)

मला नवल वाटलं नाही. आपण वाडीत वाढलो, केळीला कुणी नवरा शोधला? बुंध्याशी फुटलेला मुनवा काढायचा, लावायचा, तीच केळ पुन्हा उभी. पण केळ बघत नाही रे. ह्या बघतात. दिवेलागणीला ट्यूबलाइटभोवती सात जमतात, सातींच्या मानेवर तोच वाकडा डाग. एकीला झाडूनं हाकलली की जागेवर तीच बसलेली. (ती नव्हे, दुसरी. पण फरक काय?)

परवा आम्ही तिघी जेवत होतो. फाटकाची कडी वाजली. तिघींनी एकदम मान डावीकडे वळवली, एकच भुवई चढवली. बाहेर कोणी नव्हतं. वर बघितलं तर सातींच्या माना तिकडेच. अश्लेषा म्हणाली, कॉलेज पुरे आता, मला बाहेरचं कोणी नको, आपण तिघी बऱ्या. आवाज माझा होता. मी बोललेच नव्हते.

मला आबांची मागची वाडी आठवली. एका केळीची पानं आखडली आणि दोन महिन्यांत एकही उभी राहिली नाही. सगळ्या एकच होत्या ना.

तुझी ताई मालन

ता. क. : पाली मला चालतात. त्यांना मारायला कोणी येऊ नये.

ता. क. दुसरा : पोरीला माणिकपूरला तुमच्या घरी ठेवून घ्या. कॉलेज पुरं करू दे, चार परक्यांशी भांडू दे. माझ्यासारखी एक पुरे, दोन झाल्याच आहेत. लग्नाचं नाव काढलंस तर त्याच रिक्षानं परत आणीन. हे पत्र तुझ्या बायकोला दे. उत्तर यमुनेनं लिहायचं, तू पेनाला हात लावायचा नाही.