परवानगीचं घर

आबा, काल भाऊबीज झाली आणि तुमच्या लेकानं माझ्यासमोर पाटावर बसून तुमचं ते वाक्य म्हटलं. तुम्ही असतात तर तिथंच खाली बसला असतात. म्हणून तर लिहायला घेतलं. एरवी तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी बोलावं असं मला एकदाही वाटलेलं नाही.

कामथडीच्या सासरहून मी परत आले तो दिवस तुम्ही विसरला असाल, मी नाही. नवऱ्यानं दुसरी आणून ठेवली होती आणि मी कपड्यांची पिशवी घेऊन पासलीला एसटीतून उतरले. तुम्ही पारावर बसलेले होतात. का आलीस असं विचारलं नाहीत, जेवलीस का असंही नाही. म्हणालात, "किती दिसासाठी?" मी म्हटलं, "आता हितंच, आबा." तुम्ही तंबाखू मळत म्हणालात, "हितं म्हंजी कुठं?" घरात माजघर रिकामं होतं, पडवी रिकामी होती. मला गोठ्याला लागून असलेली पेंढ्याची खोली मिळाली. पेंढा मीच उपसला, शेण मीच सारवलं, आणि तुम्ही दारात उभे राहून सांगितलंत की भिंतीला हात लावायचा नाही, खिळासुद्धा मारायचा नाही.

तुम्हाला माझी भीती वाटत होती हे कळायला मला उशीर लागला. अंगणवाडीत नोकरीला लागले, चार लोकांत बसायला लागले, तेव्हा एका बाईनं ती जुनी गोष्ट सांगितली. तुमचा चुलतभाऊ मुंबईला गेला तेव्हा ओढ्याकाठचं भाताचं खाचर तुमच्या भरवशावर टाकून गेला. तुम्ही लावणी करत राहिलात, सातबाऱ्यावर वहिवाट तुमची लागली, आणि तो वारल्यावर त्याची बायको जमीन मागायला आली तर तुम्ही कोर्टात उभे राहून विचारलंत, "परवानगी? कुणी दिली? कुणाम्होरं दिली?" त्या विधवेजवळ साक्षीदार नव्हता. दुसऱ्याची जमीन बारा वर्षं उघडपणे, आपलीच असल्यासारखी कसली आणि मालक गप्प बसला, तर ती कसणाऱ्याची होऊ शकते. वकील लोक त्याला विरुद्ध कब्जा म्हणतात. पण मालकानं परवानगी देऊन ठेवलेलं असलं तर माणूस जन्मभर राहिला तरी त्याचा हक्क लागत नाही. एवढाच फरक, आणि तो शाबीत करायला चार कान लागतात. त्या विधवेला कोर्टाच्या पायरीवर रडताना बघून तुम्ही हेच शिकलात, दुसरं काही नाही.

म्हणून माझा दिवाळीतला पाडवा वेगळाच व्हायचा. गावात पोरी बापाला ओवाळतात आणि बाप ताटात काहीतरी टाकतो. आपल्याकडं तुम्ही आधी भावकीतली दोन म्हातारी माणसं फराळाला बोलावून बसवायचात. मग पाटावर बसायचात, मी कुंकू लावायची, दिवा ओवाळायची, आणि ताट हातात धरून मला म्हणायचं असायचं, "हितं मी तुमच्या परवानगीनं ऱ्हाते. माझा हक्क न्हाई." आवाज लहान निघाला की तुम्ही म्हणायचात, "मोट्यानं." मी पुन्हा म्हणायची. म्हातारे चकली मोडत मान हलवायचे. तुम्ही ताटात काही न टाकता उठायचात आणि म्हणायचात, "ऱ्हा अजून एक वरीस. हीच तुजी ववाळणी." पहिल्या वर्षी मला वाटलं तुम्ही थट्टा करताय. मी हसले होते, आबा. आईनं स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडं असं बघितलं की पुन्हा कधी हसले नाही.

आणि चूल. आईला वाटलं पोरीला पावसात गोठ्यातून घरात जेवायला यावं लागतं, तिला तिची चूल असावी. तिनं स्वतः माती कालवून खोलीच्या कोपऱ्यात घालून दिली. मला अजून तो वास येतो. पहिला भात चढलाय, इंद्रायणीचा, उकळी आलीय, मी झाकण जरा सरकवतेय, आणि तुम्ही आत येताय. कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, मागच्या बोथट बाजूनं, चुलीचा एक खूर फोडता, मग दुसरा. भात माझ्या पायावर सांडतो. "चूल येगळी झाली म्हंजी घर येगळं झालं," तुम्ही आईला सांगता, मला नाही. "उद्या कोर्टात हीच चूल दाखवंल ती." आई पोळलेल्या पायावर पीठ लावत बसली आणि तुम्ही बाहेर जाऊन बैलांना वैरण टाकलीत. मी शेवग्याची फांदी लावली तीही तुम्ही उपटलीत. झाड लावणं म्हणजे मालकी दाखवणं, नाही का?

एवढे हुशार तुम्ही, आणि चुकलात कुठं बघा. जित्या माणसाच्या हातून जमीन कशी सुटते ते सगळं तुम्हाला ठाऊक होतं. आपणही मरणार, हे तेवढं डोक्यात आलं नाही. आई आधीच गेली होती. तुम्ही भोरला दवाखान्यात पडलात तेव्हा वकील भेटायला आला, म्हणाला, आबा, मृत्युपत्र करून टाका, घर-जमीन पोराच्या नावानं लिहून द्या म्हणजे कटकट नको. तुम्ही त्याच्यावर खेकसलात, "म्या मरतोय व्हय? अपशकुन करायला आलाय का?" मी तिथंच होते, तुम्हाला पेज भरवत होते. तुमच्या हनुवटीवरून ओघळलेली पेज पुसताना मला हसू येत होतं, ते मी दाबलं. मृत्युपत्र नाही म्हटल्यावर मुलगा आणि मुलगी सारखेच वारस. तलाठ्यानं वारस नोंद घातली, सातबाऱ्यावर त्याच्या नावाखाली माझं नाव लागलं, आणि ते कुणी मनावरही घेतलं नाही. बहिणी हक्क सोडतातच, अशी आपल्याकडची रीत. साडी-चोळी घ्यायची आणि हक्कसोड पत्रावर सही करून आपल्या वाटणीवर पाणी सोडायचं.

तर आता पुण्याचा एक माणूस आलाय. त्याला डोंगरउतारावर बंगला बांधायचाय, आपलं घर, गोठा, खाचर, सगळं एकगठ्ठा हवंय. तुमचा लेक दिवाळीआधी माझ्या खोलीत येऊन बसला. "अक्का, दोन सह्या हायेत नुसत्या. वेल्ह्याला हापिसात गाडीनं नेतो, गाडीनं आणतो. भोरला फ्लॅट घेतोय, त्यात एक खोली तुला. काय कमी पडू देणार न्हाई." मी विचारलं, "खोली कुणाच्या नावावर?" तो हसला. "नावावर कशाला? आपलंच घर हाय की. तू लई इचार करतीस." वाईट नाही तो. त्याला खरंच कळलं नाही की तो मला एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात नेत होता. त्या क्षणीच मी ठरवलं, सही करायची नाही. पण त्याला म्हटलं, "भाऊबीजेला बोलू."

काल सकाळी भावकीतल्या दोघांना मीच फराळाला बोलावलं. जुने म्हातारे आता नाहीत, त्यांचे मुलगे. भावाला पाटावर बसवलं, ओवाळलं. त्यानं ताटात साडी ठेवली, वर हक्कसोडाचा कागद. मी म्हटलं, "सहीआधी एक वाक्य म्हण. आबांचं. तुला पाठ हाय." त्याची बायको पदर तोंडाला लावून आत निघून गेली. त्याला खरंच पाठ होतं. इतक्या पाडव्यांना करंजी खात ऐकलेलं. "हितं मी तुज्या परवानगीनं ऱ्हातो. माझा हक्क न्हाई." खोटंच होतं ते, निम्मा हिस्सा त्याचा आहे. पण सहीसाठी म्हणाला बिचारा. मी साडी त्याच्या मांडीवर परत ठेवली आणि म्हटलं, "ऱ्हा अजून एक वरीस. हीच तुजी ववाळणी." तो हसला, अगदी मी हसले होते तसाच. मग म्हणाला, "आन सही?" मी म्हटलं, "न्हाई." कागदाची घडी घालत त्यानं विचारलं, "मग म्हणायला का लावलंस, अक्का?" त्याचा चेहरा आईवर गेलाय. तुमचं त्याच्यात काही नाही. मी ताट घेऊन आत आले.

सरळ "न्हाई" म्हणता आलं असतं. हक्क माझा कागदावर आहे, त्याला कुणाच्या साक्षीची गरज नव्हती. मला ते ऐकायचं होतं, एवढंच. हे पत्र आता चुलीत घालणार आहे. तुमचं तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी मी खोलीत चूल घातली, त्याच कोपऱ्यात, आणि ती अजून आहे.

जाळायच्या आधी एक राहिलं. भावकीला बोलावणं, वाक्य म्हणून घेणं, ते सगळं मी ठरवून केलं. पण त्यानं पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्याचा आवाज लहान निघाला, आणि मी म्हणाले, "मोट्यानं." ते मी ठरवलं नव्हतं, आबा. आपोआप तोंडातून आलं, आणि मला फार बरं वाटलं.