गार गादीवरचं बाळ

ती. ताईस, धाकटीचा नमस्कार.

आधी हे वाच: बाळ आज रडलं, चांगलं भोकाड पसरून!

फोनवर तुला सगळं सांगितलं नव्हतं. जन्मताना त्याला प्राणवायू कमी पडला, मेंदूला इजा झाली. ती वाढू नये म्हणून त्याला गार गादीवर उघडंच ठेवलं होतं. लहानपणी तू स्वतः कुडकुडत मला पांघरूण द्यायचीस. मला त्याच्यावर साधं दुपटंही घालता येईना.

पडद्यावर त्याच्या हृदयाचे ठोके अगदी एकसारखे पडत होते. मी खूश! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते जरा कमीजास्त व्हायला हवेत. मेंदू सावरतोय, हे त्यावरून कळतं." मग तू भांडी घासताना गुणगुणायचीस ते गाणं मी त्याच्या कानाशी म्हणत बसले. काल आकडे हलायला लागले. गाण्यामुळे नव्हे, म्हणतात बाई. म्हणोत बापड्या.

आज ऊब देऊन त्याला माझ्या मांडीवर दिलं. पुढे चालेल-बोलेल कसं, ते आत्ताच सांगता येत नाही म्हणे.

तुझी कंबर कशी आहे? मला कडेवर घेऊन घेऊनच ती धरली, असं आई म्हणायची. ताई, हात भरून आले होते, तरी ह्याला खाली ठेववेना. तुलाही असंच व्हायचं का गं?

तुझीच,
चिमी